अनवाणी शिकवणाऱ्या आजी

कानवाल्या बाईंचं खरं पद ‘ऑडिओमेट्रिस्ट’ असं होतं. पण तो शब्द कुणाच्या जिभेवर नीट वळत नसे, म्हणून सत्तावीस वर्षं त्या कानवाल्या बाईच राहिल्या. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, भिंतींना जाड स्पंज लावलेल्या खोलीत पेशंटला बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचा, काचेच्या पलीकडून बटणं दाबायची. बारीकशी ‘टीं’ ऐकू आली की पेशंटने बोट वर करायचं. बरेच जण काहीही ऐकू न येता बोट वर करत, विशेषतः सुनेसोबत आलेले सासरे. बाई त्यांच्या बोटाकडे बघतच नसत. त्या चेहऱ्याकडे बघत. खरोखर ऐकणारा माणूस आधी किंचित थबकतो आणि मग बोट उचलतो.

हार्पच्या नादाला त्यांना नणंदबाईंनी लावलं. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यावर नणंदबाईंनी जाहीर केलं, की आजवर लोकांची बोलणी जोडून दिली, आता स्वतः काहीतरी वाजवणार. एकटीने क्लासला जायला नको म्हणून भावजयीलाही सोबत ओढलं. हार्प म्हणजे चित्रातल्या राणीच्या हातात असते ती सोनेरी भानगड नव्हे. साध्या लाकडाची, उभी केली की छातीपर्यंत येणारी, चौतीस तारांची लोकवाद्याची हार्प. ‘सा’च्या तारा लाल, ‘म’च्या निळ्या, बाकीच्या पांढऱ्या. नणंदबाईंची बोटं पहिल्या वर्षातच पळायला लागली. बाईंची अजून चालत होती.

क्लासच्या मास्तरांनी सहल काढली ती पाचव्या वर्षी. परदेशात, समुद्राजवळच्या एका लहान वस्तीत, एक आजी ही वाद्यं पिढीजात वाजवत आणि शिकवत. आठ जणांनी आठ दिवस त्यांच्याकडे राहायचं. हार्प तिथेच मिळणार. कागद, पेन, नोटेशन काही नाही. आजी वाजवणार, आपण ऐकून उचलायचं. शेवटच्या दिवशी तिथल्या वाजवणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून चार धुना लोकांसमोर वाजवायच्या.

“ऐकून उचलायचं म्हणजे तुमचंच काम, वहिनी,” नणंदबाई म्हणाल्या. “आम्ही आपले तुमच्यामागे येतो.”

आजींचं घर लांबलचक होतं आणि त्यातली शिकवण्याची खोली तर आगगाडीच्या डब्यासारखी. खाली जुन्या लाकडी फळ्या, पाय टाकला की हलकेच कुरकुरणाऱ्या. भिंतीकडेला दहाबारा हार्प जुन्या चादरी पांघरून उभ्या. आजी पंच्याहत्तरीच्या, उंच, खांद्याला किंचित वाकलेल्या. अंगात जाडजूड स्वेटर, गळ्याला मफलर आणि पाय मात्र अनवाणी. त्यांच्या शेजारी त्यांची लेक. ती सकाळी शाळेची बस चालवायची आणि मुलांना पोचवून दहाच्या ठोक्याला दुभाषी म्हणून हजर व्हायची. आपली भाषा तिला कशी काय येते, याचं सगळ्यांना नवल वाटलं. तर ती बारा वर्षं जहाजावरच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि तिथले निम्मे आचारी आपल्याकडचे. त्यामुळे तिला भाषा येत होती, फक्त ती सगळी पुरुषांची येत होती.

“आई म्हणतो, जोडे बाहेर काढ,” तिने पहिल्याच मिनिटाला आठही जणांना एकदम सांगितलं. “मोजे पण काढ. सगळा माणूस काढ.”

नणंदबाईंना इतकं हसू आलं की त्यांना भिंतीला धरून उभं राहावं लागलं.

फळ्या गार होत्या. सहलीतल्या एका फार्मासिस्टबाईंनी दुसऱ्या दिवशी पायाखाली घ्यायला खोलीतून छोटी सतरंजी आणली. आजी उठल्या, हसतहसत ती सतरंजी काढून घडी घातली आणि खिडकीत ठेवून दिली. त्या बदल्यात त्यांना गरम पाण्याची पिशवी दिली, ती मांडीवर ठेवायला. शिकवणं मात्र असं, की मास्तरही मांडीवर थाप मारून दाद देत होते. आजी एकेक ओळ वाजवायच्या. मग एकेकाने एकट्याने वाजवून दाखवायची. कुणी चुकलं की आजी त्याच्या हार्पच्या पाठीवर तळहात ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि पुन्हा वाजवायला लावायच्या. चूक सापडायचीच.

बाईंना पहिली शंका आली ती किटलीमुळे. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आजी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या हातभर अंतरावर किटली कानठळ्या बसवणारी शिट्टी मारत होती. आजी निवांतपणे सफरचंद सोलत होत्या. लेक बाहेरून धावत आली, तिने गॅस बंद केला, आईच्या दंडाला हलकेच स्पर्श केला आणि काही न बोलता परत गेली.

बाईंच्या अंगातली सत्तावीस वर्षं एकदम जागी झाली. मग त्या बघतच राहिल्या. कुणी काही विचारलं की आजी विचारणाऱ्याकडे न बघता लेकीच्या तोंडाकडे बघत. सगळ्यांना वाटे, भाषेची अडचण. पण लेक आईशी बोलताना आवाज जवळजवळ काढतच नव्हती, ओठ मात्र सावकाश, स्पष्ट हलवत होती.

“वन्सं, आजींना ऐकू येत नाही,” बाईंनी खोलीत आल्यावर नणंदबाईंना सांगितलं.

“काहीतरीच. सकाळी माझा ‘नि’ स्वर चुकलेला त्यांनी लगेच पकडला.”

“तेच तर. कसा पकडला?”

“वहिनी, आपण सुट्टीवर आहोत. दुकान बंद ठेवा.”

पण दुकान बंद राहीना. ज्या बाईला किटलीची शिट्टी ऐकू येत नाही, ती आठ नवशिक्यांच्या चुका कशा वेचून काढते, हा प्रश्न बाईंच्या डोक्यात घर करून बसला. जेवताना, चालताना, बोटांचा सराव करताना तोच. शेवटी तिसऱ्या दिवशी त्यांनी एक गोष्ट केली, जिची नंतर त्यांना लाज वाटली.

त्यांची पाळी आली. आजी समोरच उभ्या होत्या. बाईंनी हात हार्पच्या खांबाआड राहील असा धरला आणि अगदी वरची, बारीक तार मुद्दाम चुकीची छेडली. मास्तरांचं तोंड वाकडं झालं. आजींचा चेहरा जसाच्या तसा. त्यांनी मान डोलावली, पुढे चल म्हणून खूण केली आणि स्वतः कोपऱ्यातली एक हार्प सरळ करायला पाठ फिरवून गेल्या. बाईंनी ओळ पुढे नेली आणि शेवटी, आजींची पाठ असतानाच, खालची जाड तार चुकवली.

आजी थांबल्या. वळल्या. थेट बाईंपाशी आल्या, वाकल्या आणि चुकलेल्या तारेवर बोट ठेवलं. मग त्यांनी बाईंच्या डोळ्यांत असं काही पाहिलं, की बाईंना आपल्याच काचेच्या पलीकडच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटलं.

त्यांची नजर खाली गेली. आजींच्या पायाची लांब, हाडकुळी बोटं फळीवर पसरून टेकलेली होती, एखाद्याने टेबलावर तळहात ठेवावा तशी. बाईंना कोडं उलगडलं. वरचे सूर आजींसाठी संपलेले होते, ते त्या वाजवणाऱ्याच्या बोटांवरून ओळखत होत्या. खालचे सूर फळ्यांतून पायांत येत होते. म्हणून जोडे नकोत, म्हणून सतरंजी नको.

उलगडा झाल्याचा आनंद दिवसभरही टिकला नाही, कारण चौथ्या दिवशी मास्तरांनी बेत सांगितला. शेवटच्या दिवशी साठेक माणसं येणार होती. खोलीत इतकी मावणार नाहीत, म्हणून कार्यक्रम घरामागच्या हिरवळीवर. खुर्च्याही सांगून झाल्या होत्या.

लेकीने आईला सांगितलं. आजींनी मान हलवली.

“आई म्हणतो, आत,” लेक म्हणाली.

“अहो पण आत कसं? तीस माणसंसुद्धा दाटीवाटीने बसतील.”

“आई म्हणतो, मग तीस.”

“हवा सुंदर आहे, जागा सुंदर आहे, अडचण काय ते तरी सांगा!”

आजींनी पुन्हा मान हलवली. मास्तरांचा पारा चढला. दुपारी जेवणाच्या टेबलावर कुजबुज झाली. कुणी म्हणालं हट्टी आहेत, कुणी म्हणालं वय झालंय. फार्मासिस्टबाईंनी सतरंजीचीही आठवण काढली. बाईंनी हातातला घास खाली ठेवला. गवतावर, मऊ मातीवर आजींच्या पायांना काय कळणार? आणि हे आपण यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? दवाखान्यात पेशंटचा कागद त्याच्या परवानगीशिवाय सख्ख्या मुलालाही त्यांनी कधी दाखवला नव्हता.

जेवणं उरकल्यावर लेकीने त्यांना दारातच अडवलं. “तू थांब. आई बोलवतो.”

स्वयंपाकघरात आजी टेबलाशी बसल्या होत्या. बाई समोर बसल्या, लेक मध्ये.

“आई म्हणतो, काल तू मुद्दाम चुकला.”

बाईंचा चेहरा पडला. “हो.”

“आई म्हणतो, माणूस खरा चुकला की दचकतो. सगळे दचकतात. तू दचकला नाही. तू माझ्याकडे बघत होता.”

इतकी वर्षं बाईंनी चेहरे वाचले होते. आपलाही कुणी वाचेल, असं त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. त्यांनी हात जोडले. “माझं चुकलं. आमच्याकडे मी हेच काम करते. लोकांचे कान तपासते. मला राहवलं नाही. पण मी कुणालाच... म्हणजे नणंदेला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.”

लेकीने ओठ हलवत सांगितलं. आजी नणंदेच्या भागावर खळखळून हसल्या. मग गंभीर होऊन काहीतरी बोलल्या.

“आई विचारतो, किती उरलंय?”

“यंत्राशिवाय नाही सांगता येणार. वरचं जवळपास गेलंय. खालचं आहे थोडं. कधी तपासलं नाही?”

“नाही. तपासला की कागद मिळतो. कागदावर आकडा असतो. आई म्हणतो, आकडा असलेल्या बाईकडे शिकायला कोण येईल?”

“आणि कानात घालायचं यंत्र?”

लेक हसली. “घातला होता एकदा. शेजारचा म्हातारा मेला, त्याचा होता. आई म्हणतो, हार्प वाजवला तर जिन्यावरून ताटं पडतात तसा आवाज.”

बाई खुर्चीतून उठल्याच. “दुसऱ्याचं यंत्र? अहो, दुसऱ्याची कवळी घालाल का तुम्ही?”

हे आईला सांगताना लेकीला हातवारे करून दात काढून दाखवावे लागले, आणि तिघीही पोट धरून हसल्या. हसणं ओसरल्यावर बाई म्हणाल्या, “हिरवळीचं बघते मी. खाली लाकूड असलं की झालं ना? पण अशी एखादी जागा हवी, जिथून फळ्या मिळतील.”

लेकीने क्षणभर विचार केला. “बसच्या डेपोत सामान ठेवायचे लाकडी चौथरे आहेत. पुष्कळ. वर प्लायवूड टाकू.”

मास्तरांना काय सांगायचं, हे बाईंनी लेकीच्या बसमधून चौथरे आणायला डेपोत जाताना ठरवलं. गवताच्या ओलीने हार्पचं बूड खचतं, तारा उतरतात, म्हणून खाली लाकूड हवं. यात खोटं काहीच नव्हतं, फक्त सगळं नव्हतं. मास्तर म्हणाले, “हे माझ्या कसं लक्षात आलं नाही!” आणि स्वतःच बाह्या सरसावून चौथरे उतरवायला लागले.

पुढचे दोन दिवस दुपारी हेच काम. लेक आणि तिच्या डेपोतला मेकॅनिक चौथरे लावत, सहलीतले लोक प्लायवूड धरत, नणंदबाई वर उभ्या राहून दणादण उड्या मारून मजबुती तपासत. “टेलिफोन ऑफिसात मला वजनावरून बोलायचे,” त्या म्हणाल्या, “आज कामी आलं की नाही?” आजी अनवाणी पायांनी फिरून बघत. एका कोपऱ्यात टाच आपटून त्यांनी मान हलवली. तिथे चौथरा मातीत रुतून बसला होता, नाद मरत होता. मेकॅनिकने खाली विटा सरकवल्या. आजींनी पुन्हा टाच आपटली आणि बाईंकडे बघून एक भुवई उंचावली. पास.

शेवटच्या दिवशी दुपारी साठ नव्हे, ऐंशी माणसं आली. आठ पाहुणे आणि तिथले पाच जण: प्लंबर, शिंपीण, दोन भाऊ आणि पत्रं वाटणारे एक आजोबा. सगळे अर्धगोल करून बसले, मध्ये आजी. पहिली धून सुरेख झाली. दुसरीत बाईंची दोन बोटं घसरली आणि त्या चांगल्याच दचकल्या. आजींनी त्यांच्याकडे बघून हसू दाबलं.

तिसरीच्या आधी समुद्राकडून वारा उठला. लोकांनी टोप्या धरल्या. आजींनी हार्प खांद्याला टेकवली, हात उचलले आणि तसेच धरून ठेवले. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कुणाचाच हात तारेवर नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर असा गोंधळ उमटला, की मास्तर अर्धवट उठले. आजींनी हार्प खांद्यापासून दूर केली, परत टेकवली. मग त्या लेकीला काहीतरी म्हणाल्या, आणि आपण किती मोठ्याने बोललो हे त्यांना कळलंच नाही. त्या वस्तीतल्या प्रत्येकाला ते ऐकू गेलं. मागच्या रांगेतल्यांनाही.

लेक पाहुण्यांकडे वळली. “आई विचारतो, कोण वाजवतोय? आई म्हणतो, मला ऐकू येत नाही, पण खांद्यात काहीतरी वाजतंय. कोण आहे?”

मास्तर मटकन खाली बसले. फार्मासिस्टबाईंनी तोंडावर हात ठेवला. नणंदबाईंनी बाईंकडे पाहिलं आणि कान पकडले.

बाई उठून आजींपाशी गेल्या. वारा तारांमधून जात होता आणि तारा आपोआप गुणगुणत होत्या, एक मंद, खालच्या पट्टीतला, चढत-उतरत जाणारा आवाज. चौदा हार्पमधून. आतापर्यंत टोप्यांच्या आणि खुर्च्यांच्या गडबडीत तो कुणाच्या लक्षातच आला नव्हता. बाईंनी आजींच्या समोर गाल फुगवले, तारांवर फुंकर घातली आणि समुद्राकडे बोट दाखवलं.

आजींना कळायला एक क्षण लागला. साठ वर्षं त्यांनी घरातच वाजवलं होतं. वारा त्यांच्या हार्पपर्यंत कधी पोचलाच नव्हता. त्यांनी हार्प दोन्ही हातांनी कवटाळली, गाल लाकडाला टेकवला आणि डोळे मिटून बसून राहिल्या. मग एकेक करून सगळ्यांनीच तसं केलं. चौदा माणसं तारांना हात न लावता हार्पला बिलगून बसलेली आणि समोर ऐंशी माणसं श्वास रोखून. बाईंना वाटलं, आपल्या स्पंजच्या खोलीतसुद्धा इतकं मन लावून कधी कुणी ऐकलं नसेल.

वारा पडल्यावर आजी भानावर आल्या. आपण काय बोलून बसलो, हे त्यांना तेव्हा जाणवलं. त्या तिथल्या लोकांकडे बघू लागल्या. पत्रं वाटणारे आजोबा आपल्या जागेवरून काहीतरी म्हणाले, आणि त्यांच्याकडच्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

“काय म्हणाले?” नणंदबाईंनी विचारलं.

लेक डोळे पुसत हसत होती. “म्हणतो, आम्हाला माहीत आहे. नऊ वर्षं झाली. तू सांगत नव्हता म्हणून आम्ही विचारला नाही. दार वाजवून वाजवून माझा हात मोडला, म्हणून मी तुझी पत्रं खिडकीतून टाकतो.”

लेकीने तेच त्यांच्या भाषेत ओठ हलवून सांगितल्यावर आजींनी त्या आजोबांना काहीतरी ठणकावलं. त्याचा अर्थ लेकीने सांगितला नाही. जहाजावरच्या स्वयंपाकघरात त्यासाठी आपल्याकडचा शब्द तिला नक्की शिकवलेला असणार. मग आजींनी हात उचलले आणि तिसरी धून सुरू झाली.

परत निघायच्या सकाळी बाईंनी एका चिठ्ठीवर काय काय तपासून घ्यायचं ते लिहून लेकीच्या हातात दिलं. आजींनी ती लेकीकडून समजून घेतली, तिची चौकोनी घडी केली आणि स्वेटरच्या खिशात घातली. जातील की नाही, काही सांगता येत नव्हतं.

दोन महिन्यांनी लेकीने फोनवर फोटो पाठवला. तपासणीचा आलेख. बाईंनी तो मोठा करून पाहिला, मग डोळे बारीक करून पुन्हा पाहिला. वरचे सूर गेलेले होते, ते अपेक्षितच होतं. पण खालचेही त्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी कमी उरले होते. हा कागद दुसऱ्या कुणाचा असता, तर बाईंनी बेधडक सांगितलं असतं की या माणसाला संगीत शिकवणं शक्य नाही.

त्यानंतर लेकीचा निरोप आला. यंत्र बसवलं, आईच्या मापाचं. रोज दोन तास घालते.

‘कसं वाटतंय म्हणतात?’ बाईंनी विचारलं.

‘आई भांडतो. म्हणतो, हा फ्रिज इतकी वर्षं असा ओरडत होता आणि मला कुणी सांगितला नाही? फ्रिज दुकानात परत करायला निघाला होता. आता घातला की सगळ्या घरात फिरतो. नळ सोडतो, बंद करतो. पिशवी चुरगाळतो. काल जिन्यावर बसून पायांचा आवाज ऐकला.’

मग जरा वेळाने आणखी एक ओळ आली. ‘फक्त हार्पला बसला की काढून ठेवतो. तुला राग येईल का, विचारतो.’

एरवी बाईंनी अशा पेशंटला चांगलं फैलावर घेतलं असतं. यंत्र काढून ठेवायचं असेल तर बसवायचं कशाला, हे वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी ते टाईप करायला घेतलं, अर्ध्यावर थांबल्या आणि पुसून टाकलं.

‘चालेल,’ त्यांनी लिहिलं. ‘पण फ्रिज परत करू नका म्हणावं.’